टेलरमास्तरांचे बारा कोबी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या व्हरांड्यात, गणवेशाची मापं घेण्याच्या दिवशी. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि समोर पहिलीतली एक मुलगी हात पसरून उभी. तिची आई विनवत होती, "मास्तर, जरा मोठाच शिवा हं. दोन वर्षं तरी निघाली पाहिजेत."

मास्तरांनी कंबरेचा आकडा वहीत लिहिला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, मुलगी आजची आहे. फ्रॉक आजचाच होईल."

मी त्या वर्गाची शिक्षिका; मला न राहवून मी मध्ये पडले. "अहो, मुलं वाढतात."

"वाढली की परत आणा, बाई. टेप कुठे पळून जाते?"

माणूस हेकट, पण हात असा की त्यांनी शिवलेली कॉलर वर्षभर मान टाकायची नाही. पुढे तयार गणवेश आले आणि त्यांचं दुकान बंद पडलं. शिलाई मशीन घराच्या मागच्या खोलीत आलं. मी निवृत्त होऊन त्यांच्या शेजारी राहायला गेले तेव्हा आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती, आणि भिंतीपलीकडे मास्तर कोबीची रोपं लावत होते. दोन ओळी, प्रत्येकी सहा. मधलं अंतर टेपने मोजलेलं.

पहिल्या वर्षी अळ्यांनी पानांची चाळण केली. दुसऱ्या वर्षी त्यांनी राख भुरभुरली, ती पहिल्याच पाण्याने धुऊन गेली, आणि कोबी उभ्याउभ्या सडले. वास घरभर. त्यातच एक हिरवी अळी दोरीवरच्या सूनबाईंच्या साडीवर चढली, तिथे सगळा धीर संपला. सूनबाई पोस्टात नोकरी करतात. बोलणं शिक्का मारल्यासारखं. आठ दिवसांत मागच्या भिंतीला चाळीस फरश्या टेकून उभ्या राहिल्या.

"बाबा, आता शेवटचं एक वर्ष. एक, फक्त एक कोबी बिनअळीचा माझ्या ओट्यावर आला तर मी काही बोलणार नाही. नाही आला, तर फरशी. माझी स्कूटर तरी इथे घराच्या सावलीत राहील."

"तुझं काय म्हणणं?" मास्तरांनी मुलाला विचारलं. मुलाने पेपर थोडा वर धरला. त्याचं म्हणणं नेहमी तेवढंच असायचं.

त्या संध्याकाळी मास्तर भिंतीपाशी आले. "बाई, दुकान गेलं तेव्हा मी कुणाला काही बोललो नाही. पण हा तुकडा मी सोडणार नाही. सकाळी उठून हाताला काम असलेली एवढीच जागा उरलीय माझी."

पुन्हा बारा रोपं लावून ते कामाला लागले. पांढरी फुलपाखरं पानांवर बसतात, अंडी घालतात, त्यांतून अळ्या निघतात, हे त्यांनी स्वतः बसून पाहिलं होतं. म्हणजे फुलपाखराला पानापर्यंत पोचूच द्यायचं नाही. त्यांनी मच्छरदाणीचं कापड आणलं आणि बारा कोबींची बारा मापं घेतली. घेर, उंची, सगळं वहीत. मग बारा टोप्या शिवल्या, खाली इलॅस्टिक. एकीलाही सुरकुती नाही. मी पाहायला गेले तर कोबी जणू स्नेहसंमेलनाला निघाले होते.

"कसं बसलंय?" त्यांनी विचारलं.

"अंगचंच वाटतंय," मी म्हटलं, आणि ते खरंही होतं.

तीन आठवड्यांनी सकाळी त्यांची हाक आली. हातात भिंग, चेहरा उतरलेला. कोबी वाढून जाळीला घट्ट टेकले होते. एक फुलपाखरू जाळीवर बसलं होतं आणि त्याने पोटाचं टोक छिद्रातून खालच्या पानाला लावलं होतं. तिथे पिवळे दाणे चिकटलेले. चार कोबी तर आतून खाऊन संपले होते. वर जाळी असल्यामुळे पक्ष्यांनाही अळ्या टिपता येत नव्हत्या.

सूनबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. "छान! अळ्यांना मापाचं घर शिवून दिलंत, बाबा. वर पहारासुद्धा." मग त्यांनी फरश्यांकडे पाहिलं. "गवंड्याला रविवारी बोलावू?"

"थांब," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वाढत्या अंगाला घट्ट शिवलं, बाई. चूक माझी आहे."

व्हरांड्यातलं बोलणं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

उरलेल्या आठ कोबींचं एकेक पान त्यांनी उलटून पाहिलं. अंडी ओल्या फडक्याने पुसली, अळ्या चिमटीने उचलून साबणाच्या पाण्यात टाकल्या. त्याला दीड दिवस लागला. मग टोप्या उसवायला बसले. स्वतःची इतकी नेटकी शिलाई उसवताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. बाराही टोप्या आणि उरलेलं कापड जोडून एकच मोठी जाळी झाली, आणि ती पाइपच्या कमानींवर अशी टाकली की पानापासून हातभर दूर राहावी. चांगली ढगळ. त्यांनी आयुष्यात शिवलेली ती पहिली ढगळ वस्तू असावी.

राहिल्या कडा. वाऱ्याने त्या उचलल्या की सगळं फुकट. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीजवळ गेले आणि फरश्या उचलून आणू लागले. जाळीच्या कडेवर, एकीला एक चिकटून.

"अहो बाबा, माझ्या फरश्या!"

"उसन्या घेतोय. हरलो तर इथेच बसवायच्यात ना? निम्मं काम झालंय समज."

मुलाच्या पेपरामागून हसू आलं. सूनबाईंनाही आलं असावं, कारण त्या लगेच आत गेल्या.

त्यानंतर मास्तर रोज सकाळी एक फरशी सरकवून आत शिरायचे, गुडघ्यांवर बसून पानांची खालची बाजू पाहायचे आणि बाहेर येऊन कड पुन्हा दाबायचे. सर्दीतापातही एक दिवस चुकला नाही. आणखी दोन कोबी गेले. एक गोगलगाईंनी खाल्ला, एक का गेला कळलंच नाही. सहा राहिले.

कापायच्या दिवशी त्यांनी सुरी सूनबाईंच्या हातात दिली. "तूच काप. नंतर म्हणशील, म्हाताऱ्याने आधी साफ करून ठेवला."

सूनबाईंनी कोबी ओट्यावर ठेवून नळाखाली एकेक पान सोडवलं. मी, मास्तर आणि या वेळी पेपर खाली ठेवून मुलगा, तिघेही ओट्याशी. पानं संपली, पांढरा दांडा उरला. काही निघालं नाही. त्यांनी दांडासुद्धा उभा चिरून पाहिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण स्कूटरसाठी घराच्या पुढच्या बाजूला सावलीचा पत्रा लावून द्यायचा."

"माप घेऊन ठेवलंय," मास्तर म्हणाले.

मास्तर आता पंच्याहत्तरीचे आहेत. या वर्षी त्यांनी अठरा रोपं लावली आहेत, आणि जाळीच्या कडेवर चाळीसही फरश्या आहेत.