टोरांटोहून अकोला, एकतीस तास

जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर तोंडपाठ असलेला आणि स्वतः कधी विमानात पाऊल न टाकलेला आमच्या शेजारच्या चाचांसारखा दुसरा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. आयुष्यभर ते अकोल्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर एकुलती लेक शबाना लग्न होऊन टोरांटोला गेली आणि चाचांनी यवतमाळ-वाशीमच्या गाड्या सोडून आभाळातलं वेळापत्रक हाती घेतलं. टेबलावर पृथ्वीचा गोल, गोलावर दोरा. "सपाट नकाशावर रेघ ओढशीन तं फसशीन, जमीन गोल हाय," हे ते दूधवाल्यालाही समजावत. "कसे आहात?" विचारलं की उत्तर यायचं, "टोरांटोत आता रात्रीचे दोन." गल्लीतल्या एका लग्नात नवरी मेलबर्नला जाणार होती. तिच्या रडवेल्या आईला चाचांनी धीर दिला, "मुंबईहून नऊ हजार आठशे किलोमीटर फक्त. एका दमात बारा तास. तेही समोरून हवा नसली तं!" बाईंनी असा हंबरडा फोडला की चाचांना जिलबीची प्लेट देऊन मांडवाबाहेर बसवावं लागलं. चाचींनी कपाळाला हात लावला, तर चाचा म्हणाले, "मी एका मिनिटाचंही खोटं नाही बोलत."

मागच्या मे महिन्यात एका रात्री चाची गेल्या. आठवडाभर आधीच त्यांनी बजावून ठेवलं होतं, "मले बर्फावर ठेवू नका. कोणासाठीच थांबू नका." सकाळी चाचांनी लेकीला फोन लावला. ती रडत म्हणाली, "अब्बा, मी निघून राहिली. मी येईपर्यंत अम्मीले नेऊ नका."

चाचांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. वाटेत एकदा विमान बदलायचं, मग मुंबई, मग नागपूर, मग गाडीनं अकोला. एकतीस तास.

"ये बेटा," ते म्हणाले. "थांबतो आमी."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "एवढं आभाळ पोरगी रडत कशी कापीन? येऊ दे आशेवर."

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजीनंतर चाचींना दफन केलं. सगळे परतले, चाचा कबरीपाशीच बसून राहिले. तेवढ्यात विमान बदलताना शबानाचा फोन आला, "अम्मीजवळ कोण हाय?"

"मी बसलो हाय न, बेटा." त्यांचा हात ओल्या मातीवर होता.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना गाडीनं नागपूरला नेलं. शबाना विमानतळाबाहेर आली. चाचांनी तिथेच सांगितलं, "कालच नेलं तिले. मी खोटं बोललो." शबानानं बॅग माझ्याकडे दिली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मागून चाचांनी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली. तिनं घेतली नाही. अमरावती मागे पडली तेव्हा मान न वळवता तिनं विचारलं, "शेवटी मले विचारे का अम्मी?"

"रोज. पोरगी जेवली का, म्हणे."

मी गाडी बाजूला घेतली. शबाना उतरून मागे गेली, बापाच्या खांद्यात तोंड खुपसून बराच वेळ रडली. मग डोळे पुसत मला म्हणाली, "दादा, पुढच्या वेळेस फोन तू करजो. अन् खरं सांगजो."

पुढची वेळ कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. चाचा खिडकीबाहेर बघत होते.

"तुझा नंबर हाय न याच्यापाशी?" त्यांनी लेकीला हळूच विचारलं.