माणिक मिस्त्रीची ऐकायची काठी

माणिक मिस्त्री गेल्याचं कार्ड मला त्याचं तेरावं होऊन गेल्यावर मिळालं. कोपरा फाडलेलं ते कार्ड आधी माझ्या जुन्या पत्त्यावर गेलं, तिथल्या भाडेकरूच्या खिडकीत आठ-दहा दिवस पडून राहिलं आणि मग कुणीतरी आणून दिलं. फाटका कोपरा दिसला की मजकूर वाचायची गरज नसते, तरी मी तीनदा वाचला. घरात सांगायला कुणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा-सून पुण्याला. शेवटी खाली उतरून पानवाल्याला म्हणालो, "आमचे मिस्त्री गेले." तो म्हणाला, "कोण मिस्त्री?" मी पान न घेताच वर आलो. लोक मला बाबूराव म्हणतात, सून बाबा म्हणते. 'बाब्या' म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

शेवटचा भेटलो तो दिवाळीनंतर, मुदखेडला. त्याला पार ऐकू येईनासं झालं होतं. जन्मभर इंजिनाला कान लावून बसलेल्या माणसाला देवानं बहिरं करावं, हा कुठला न्याय? त्याच्याकडे शिसवाची हातभर काठी होती. पूर्वी तिचं एक टोक इंजिनावर टेकवून दुसरं कानाला लावायचा. कान गेल्यावर टोक दातात धरू लागला, म्हणे आवाज हाडातून आत जातो. त्या दिवशी त्यानं काठी दातात धरली आणि दुसरं टोक माझ्या गळ्याखालच्या हाडाला लावलं. "बोल बाब्या. ह्याच्यातून येतंय ऐकू." मी म्हणालो, "बरं हाय सगळं." त्यानं काठी काढली नाही. "आनखी?" म्हणाला. "आनखी काय... चहा सांग," मी म्हणालो. मग त्यानं काठी खाली ठेवली.

आमची ओळख निजामाच्या राजवटीतल्या अखेरच्या वर्षांतली. नांदेडात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यातली एक मी चालवायचो, एका वकीलसाहेबांची. वजिराबादेत माणिकचा टिनाचा शेड होता. लढाईचे दिवस; पेट्रोल मिळेना, सुटे भाग हैदराबादेहून यायला महिना लागे. पण कुठल्याही मोटारीचं दुखणं माणिक न उघडता सांगायचा, म्हणून तालेवार मंडळी त्याच्याशिवाय कुणाला गाडीला हात लावू देत नसत. आम्ही दोघं एकाच वयाचे, दोघंही अर्धवट शिकलेले आणि दोघांनाही आपापल्या हुन्नराचा माज.

त्या वर्षी माझी बायको पहिल्या बाळंतपणाला जळकोटला माहेरी होती. मुलगी झाली. बारशाचं बोलावणं यायच्या आधीच सासऱ्यांचा निरोप आला, पोर दूध ओढत नाही, येऊन तोंड बघून जा. मी रजा मागितली. वकीलसाहेबांचा लातूरला मोठा मुकदमा होता. ते म्हणाले, "आधी मला लातूरला सोड. मोटार सरळ नांदेडला नेऊन लाव. चौथ्या दिवशी घ्यायला ये. तुझं मग बघू." मी त्यांना लातूरला सोडलं. परत येताना अहमदपूरला दोन रस्ते फुटतात. एक नांदेडचा, दुसरा जळकोटचा, तो तेव्हा नुसती गाडीवाट होता. मी गाडीवाटेला मोटार घातली.

जळकोट दिसू लागलं तेव्हा खालून खाडकन आवाज आला. दगड लागला, एवढं कळलं. मी थांबलो नाही. पोरीला मांडीवर घेतलं. चिमणीएवढं तोंड होतं तिचं, आणि माझं बोट मात्र घट्ट धरून ठेवलं होतं. अर्धा तास बसलो असेन. बाहेर आलो तर मोटारीखाली तेलाचं काळं थारोळं. इंजिनाच्या तळाचा, तेल सोडायचा बोल्ट दगडानं ठेचून सैल झाला होता. इंजिनाचं तेल जळकोटात कुठून मिळणार? सासूबाईंनी घाण्यावरून आणलेली करडीच्या तेलाची घागर पुढे केली. "तेल ते तेल, जावईबापू!" मलाही ते पटलं. बोल्टाला चिंधी गुंडाळली, वरून साबण चोळला, आणि भजी तळायचं तेल मोटारीत ओतून निघालो.

लोहा गावाजवळ तेलाच्या दाबाचा काटा खाली बसला. थोडं पुढे गेलो आणि आतून टकटक सुरू झाली, दारावर कुणी कडी वाजवावी तशी. तिथं थांबायला हवं होतं. पण तिथं मोटार उभी राहिली असती तर बोभाटा झाला असता. तशीच दहा कोस हाकली.

माणिकनं दुसऱ्या दिवशी मोटार तपासली. आधी उरलेलं तेल परातीत सोडलं, नाकाशी नेलं आणि हसला. "बाब्या, भजे तळलेस का रं ह्याच्यात?" मी म्हणालो, बोल्ट सैल होऊन तेल गळलं, चिंधी लावली, लोह्याला हेच तेल मिळालं. त्यानं ते धोतराच्या पांढऱ्या फडक्यातून गाळलं आणि फडकं उन्हात धरलं. फडक्यावर चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक होती. त्याचं हसू गेलं. "हे बेअरिंग झिजलं. आता कोन्तं, ते बघू." रॉकेलच्या तेलानं आतला चिकटा धुऊन, चिंधीच्याच आधारानं त्यानं चांगलं तेल भरलं. इंजिन चालू केलं, काठी कानाला लावली आणि प्लगच्या वायरी एकेक काढून परत लावू लागला. पहिली काढली, टकटक तशीच. दुसरी, तशीच. तिसरी काढल्याबरोबर आवाज दबला. "तिसरा नंबर," एवढंच म्हणाला. मग तळ उघडला. तिसऱ्या बेअरिंगचं शिसं वितळून पसरलं होतं आणि आतला दांडा तापून निळा पडला होता. त्या निळ्या डागावरून अंगठा फिरवत त्यानं विचारलं, "आवाज कुठून सुरू झाला होता?"

"विष्णुपुरीपासून," मी म्हणालो. म्हणजे अगदी नांदेडच्या दारापासून. त्यानं पुन्हा त्या निळ्या डागावरून अंगठा फिरवला.

मोटार नाही म्हणून वकीलसाहेब लातूरहून धक्के खात आले आणि थेट शेडात शिरले. आठच दिवसांपूर्वी माणिकनं त्या गाडीचं तेल बदललं होतं. त्यांनी सरळ त्यालाच धरलं, "बोल्ट नीट आवळला नव्हतास काय?" मी तिथंच, हातभर अंतरावर उभा होतो. 'साहेब, मी जळकोटला गेलो होतो' एवढे शब्द पुरे होते. पण नोकरी गेली असती, आणि पोर आजारी... माणिकनं एकदा माझ्याकडे बघितलं, फडक्यानं हात पुसले. "हाव साहेब. माझ्याच हातून सैल ऱ्हायला असंल."

चार दिवसांत सगळ्या कचेरीत झालं, माणिक मिस्त्रीचा हात गेला. मोटारी दुसरीकडे जाऊ लागल्या. वर्षाच्या आत त्यानं शेड मोडला आणि मुदखेडला जाऊन पिठाच्या गिरणीची, विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करू लागला. माझी नोकरी राहिली. पोर मात्र सतराव्या दिवशी गेली. मी तिला तेवढंच पाहिलं, तो अर्धा तास. म्हणून जळकोटला गेल्याचा पस्तावा मला कधीच झाला नाही. गप्प राहिल्याचा झाला.

पुढे मी दर दोन-चार महिन्यांनी मुदखेडला जात राहिलो. रेल्वेत बसताना ठरवायचो, आज सांगायचं. तो मात्र तो विषयच काढत नसे. पण त्याला एक सवय लागली होती. कुठलाही बोल्ट आवळला की तो त्यावर चुन्याचं बोट लावायचा आणि इंजिनाच्या मालकाला म्हणायचा, "हात लावून बघा. घट्ट हाय ना?" ते पाहिलं की वाटायचं, ह्यानं खरंच मनात धरलंय, चूक आपलीच होती. साबणानं माखलेला तो बोल्ट त्यानं नीट बघितलाच नसेल. कधी उलट वाटायचं, बघितला असेल, आणि मग तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. दोन्हीपैकी काहीही खरं निघालं तरी मला नको होतं. दोस्ती तेवढी राहिली, तिच्यात बसून मी एकटा पडत गेलो.

कार्ड मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी मुदखेडला गेलो. त्याच्या सुनेनं पाणी दिलं आणि आतून एक डबा आणला. "मामंजींनी हे तुमाला द्यायला सांगितलं होतं." डब्यात ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेला बोल्ट होता. डोकं एका बाजूनं ठेचलेलं, आटे तिरपे चिरडलेले. सैल राहिलेल्या बोल्टाचे आटे असे होत नाहीत, हे शिकाऊ ड्रायव्हरलाही कळेल. धुऊन-पुसून चाळीस वर्षं त्यानं तो गंजू दिला नव्हता. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कोपऱ्यात भिंतीला ती काठी टेकून ठेवलेली होती, दाताच्या खुणा पडलेली. मी सुनेला म्हणालो, "शेवटी शेवटी काठीशिवाय चालत नसंल त्याला... सगळ्यांशी ह्याच्यातूनच बोलायचा?"

"न्हाई वो," ती म्हणाली. "आमच्याशी हातवारेच करायचे. गावातलं कुनी आलं तरी नुसती मान हलवायचे. तुमी आलात की तेवढं म्हनायचे, काठी दे, बाब्या कायतरी सांगनार हाय."