वाळ्याची ताटी आणि रक्तातले वायू मोजायचं यंत्र

मित्रांनो, आज नागपूरहून एक विक्रेते आमच्या यवतमाळच्या दवाखान्यात रक्तातले वायू मोजायचं यंत्र घेऊन आले होते. त्यातलं पाणी सदतीस अंशांवरच ठेवावं लागतं. तापवायची सोय आहे, गार करायची नाही. आमची खोलीच एकेचाळीसवर!

"वापरणार तू, तूच सांग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी इथला तंत्रज्ञ; मी नको म्हटलं.

"भाऊ, यंत्रालेही वाळ्याची ताटी बांधा ना!" शिपाई रहीमचाचा म्हणाले. सगळे हसले.

विक्रेते गेल्यावर मी खरंच खिडकीला ताटी बांधून भिजवली. खोली चौतीसवर आली. म्हणजे यंत्र चाललं असतं. वॉर्डात दम लागलेले रोगी आहेत, त्यांच्या कामी आलं असतं.

रहीमचाचाही घरी गेले. मी एकटाच ताटीवर पाणी मारतोय. असं यंत्र तुमच्यापैकी कुणी वापरलंय का? इथे विचारायला कुणीच नाही.