तेलाचा काटा खाली येईना

दादाला एकदाच, स्वतःच्या हाताने, ती गाडी शहराबाहेर भोजपूरच्या देवळापर्यंत चालवायची होती. बस्स, एवढंच. पुढच्या केमोसाठी अ‍ॅडमिट व्हायच्या आधी. त्या केमोबद्दल बोलताना डॉक्टर आमच्याकडे न बघता फायलीकडे बघायला लागले होते, आणि त्याचा अर्थ दादाला माझ्याआधी कळला होता.

गाडी म्हणजे जुनी विलायती स्पोर्ट्स कार. दोन सीटची, कापडी छताची, उंचीने इतकी कमी की बसताना गुडघे कानाशी येतात. दादाने ती भंगारात मिळवली आणि अर्धं आयुष्य साकेत नगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली आडवं पडून काढलं. वहिनी तिला तोंडावर सवत म्हणायची. आजारपण सुरू झाल्यावर तरी माणूस स्वस्थ बसेल ना? छे! एका केमोच्या आणि दुसऱ्या केमोच्या मध्ये जरा ताकद आली की हा खाली पार्किंगमध्ये. सगळं इंजिन उघडून त्याने पुन्हा जोडलं, आणि मला हात लावू दिला नाही. मी सोनागिरीकडच्या कारखान्यात मेंटेनन्सला, आयुष्यभर कॉम्प्रेसर उघडलेत, पण धाकटी बहीण पडले. "तू टॉर्च धर," म्हणाला. धरला.

इंजिन जोडून झालं, चालू झालं, आवाजही छान आला. आम्ही दोघं चक्कर मारायला निघालो, तर जवळच्याच हॉस्पिटलच्या गेटपर्यंत पोचेतो टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात. बॉनेटमधून वाफ. तेलाच्या प्रेशरचा काटा मात्र वर जाऊन बसलेला, इंजिन तापलं तरी जागचा हलेना.

"प्रेशर फर्स्टक्लास आहे," दादा म्हणाला.

"फर्स्टक्लास काय, डोंबल! गरम झाल्यावर तेल पातळ होतं, काटा थोडा तरी खाली यायला नको? हा चिकटल्यासारखा वर का बसलाय?"

त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. दादा वाद घालत नाहीये हे मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला भीती वाटली. गाडी ढकलून परत आणताना त्याला धाप लागली, ओकारी झाली, आणि तो वर जाऊन झोपला. मग मी कोणालाही न विचारता ओव्हरऑल चढवला.

आधी सोप्या गोष्टी. घट्ट ग्रेडचं तेल भरलंय का? नाही, बरोबर होतं. मीटर खोटं बोलतोय का? कारखान्यातला खात्रीचा गेज आणून लावला, तोही तेच दाखवायला लागला. जास्तीचं प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह अडकलाय का? काढला, पुसला, स्प्रिंग व्यवस्थित. इंजिन तापलं की थंड पाण्याची वाट उघडून देणारा थर्मोस्टॅट वहिनीच्या चहाच्या पातेल्यात उकळून पाहिला, वेळेवर उघडला. त्या पातेल्यावरून मी जे ऐकून घेतलंय ते लिहिण्यासारखं नाही. रेडिएटर धुतला, चकाचक होता. माझं डोकं फिरायची वेळ आली. मग मी इंजिनचं वरचं झाकण काढून स्टार्टर मारला. तिथे तेल ओघळायला हवं. ठणठणीत कोरडं. म्हणजे खाली एवढं प्रेशर दिसत होतं ते वर जायची वाटच बंद होती म्हणून. तेल अडून बसलं होतं आणि वरचा भाग बिनतेलाचा भाजून निघत होता.

वाट कशाने बंद झाली ते पाहायला हेड, म्हणजे झाकणाखालचा इंजिनचा वरचा ठोकळा, उतरवलं. तेलाच्या भोकात तार घातली आणि ओढली, तर लाल शेवया बाहेर आल्या. सिलिकॉन. तेल गळू नये म्हणून दोन भागांच्या सांध्यात लावतात ती ट्यूबमधली पेस्ट. लावायची असते अगदी बारीक रेघ. जास्त लावली की दाबून आतल्या बाजूला येते, सुकते, तुटते आणि वाटा बुजवते. पाण्याच्या वाटेतही तेच. तापण्याचं कारणही तिथेच सापडलं. प्रत्येक सांध्याला बोट बोट जाडीचं सिलिकॉन होतं.

मला आधी सोसायटीच्या सेक्रेटरीचा राग आला. "भाभीजी, नई टाइल्स पे तेल के दाग पड़ रहे हैं," म्हणून तो वहिनीचा जीव खात असे. त्याच्या कटकटीनेच दादाने सगळं असं लिंपून टाकलं असणार. पण दादा असा लिंपणारा नव्हता. मी कधी जास्त पेस्ट लावली की हाच मला ओरडायचा, "अगं, केक सजवतेस का?" आणि मग मला आठवलं. केमोने त्याच्या बोटांची जाणीव गेली होती. शर्टाची बटणं तो बघून बघून लावायचा. चहाचा कप गरम आहे का, हे वहिनीला विचारायचा.

"त्यांना यातलं काही सांगू नकोस," वहिनी म्हणाली. "फिल्टर खराब होता म्हण."

मला पटलं. वर जाऊन सांगितलं, "दादा, फिल्टर खराब होता."

"मग हेड कशाला उतरवलंस? खिडकीतून पाहिलं मी."

मला खोटं कधी धड बोलता आलेलं नाही. तो म्हणाला, "दाखव." खिशातल्या चिंधीत त्या शेवया होत्या, त्या त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने एक उचलली आणि डोळे मिटून चिमटीत चोळली. ती बोटांतून निसटून चादरीवर पडली तरी तो चोळतच राहिला. डोळे उघडून पाहिलं तेव्हा त्याला कळलं.

"मला वाटलं ट्यूब सुकलीय," तो म्हणाला. "काही येतच नाहीये असं वाटलं, म्हणून दाबत राहिलो."

वहिनीने तोंडाला पदर लावला. मी मूर्खासारखी म्हणाले की होतं असं, कोणाच्याही हातून होतं.

"हेड कसंय?"

"तापून तडा गेलाय. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये."

"वेल्डिंग?"

"बिडाचं आहे, दादा. लांबच्या रस्त्याला नाही टिकणार."

भोजपूर गेलं, हे तिघांनाही त्याच क्षणी समजलं. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "नवीन हेड मागव. इंग्लंडहून येतं."

"यायला काही महिने लागतील."

"लागू देत. फोन काढ, आत्ताच ऑर्डर टाक. तुझ्या नावाने."

"माझ्या नावाने का म्हणून?" मी ओरडलेच. "गाडी तुझी, हौस तुझी! तुझंच नाव टाकणार मी, तुझाच नंबर टाकणार!"

"अगं शहाणे," तो शांतपणे म्हणाला, "डिलिव्हरीवाले ओटीपी मागतात. फोन उचलायला माणूस नको का?"

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मी माझा नंबर टाकला.