जुना ड्रायव्हर आधी काढला

वायफाय चालवणारा नवा ड्रायव्हर, म्हणजे छोटासा प्रोग्राम, घालायचा म्हणून मी लॅपटॉपमधला जुना आधी काढून टाकला, आणि मग लक्षात आलं की नवा इंटरनेटवरूनच उतरवायचा आहे. लिनक्सवर संगणक चालवणाऱ्या प्रत्येकाने हा गाढवपणा एकदा तरी केलेला असतो. वायफायचं कार्ड यादीत नावानिशी दिसत होतं, पण ड्रायव्हर नाही म्हणजे त्याला ऐकूच येत नव्हतं. शेजारपाजारची नेटवर्कं हाका मारत असणार, आणि हे आपलं ढिम्म.

त्याच्याकडे बघता बघता मला आई आठवली. आई दुपारी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. मग ‘आई, यंत्र घाल’ हे तिला सांगायचं तरी कसं? ते ऐकायलाही यंत्रच लागतं.

मी उठून तिच्या दारात गेलो. हाक मारली. मग मोठ्याने मारली. ओ येणार नाही हे ठाऊक होतं, रोजच येत नाही. तरी पलंगापर्यंतची चार पावलं टाकताना मनात येतच होतं: एक दिवस हीच पाठ असेल, हीच डबी असेल, आणि यंत्र काढलंय म्हणून ऐकू येत नसेल, असं समजून मी दारातूनच परत फिरेन.

खांद्याला हात लावला. ती दचकली.

“काय रे, आलं का नेट?” नेट गेल्याचं झोपण्याआधी तिच्या कानावर घातलं होतं.

“नाही अजून,” मी म्हणालो. तिला ते ऐकू गेलं नाही. पण खांद्यावरचा हात मला काढवेना.