सपाट चेहऱ्यावर उजेड कुठं पाडायचा

बायको गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो नव्हता. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर घ्यायची, नाहीतर गॅसवर दूध आहे म्हणून आत पळायची. शोधून शोधून एक सापडला, रामटेकच्या एका लग्नातला. त्यात फ्लॅश सरळ तोंडावर पडलेला. असल्या फोटोत चेहऱ्याला सावलीच नसते. नाक कुठं उठलं, गाल कुठं बसला, काही समजत नाही. ताटलीवर डोळे काढल्यासारखं तोंड.

तेरवीसाठी स्टुडिओवाल्यानं तोच मोठा करून दिला. न विचारता तिला गोरी केली आणि ओठाला लाली फासली. माझी बायको सावळी होती. सावळी हा शब्दही मी ती मेल्यावर वापरतो. ती होती तेव्हा तोंडावर काळी म्हणायचो, आणि ती म्हणायची, "तुम्ही कोन्ते राजबिंडे लागून गेले!"

वर्षभर मी त्या गोऱ्या परक्या बाईला हार घातला. वर्षश्राद्धाला महिना उरला तेव्हा ठरवलं, त्या दिवशी भिंतीवर माझी बायकोच पाहिजे. दुसरी कोणी नको.

मी चौथी शिकलो, पण अक्षरं शहरभर लिहिली. चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले. मग फ्लेक्स आले आणि माझे ब्रश डब्यात सुकले. मुलगी मात्र अजून रंगावरच पोट भरते. लहान पोरांच्या पुस्तकांतली चित्रं ती टॅबवर काढते, काचेवर पेन फिरवून. जावई कन्हानकडे खाणीत कामाला आहे, आठवड्यानं येतो, म्हणून ती माझ्याजवळच राहते. तिला म्हटलं, "मले शिकव. तुह्या मायचं तोंड मी रंगवतो."

"मीच करून देऊ का बाबा?"

"तू ससे रंगव. हे माझं काम हाय."

तिनं वाद घातला नाही. दुपारी कूलरसमोर टेबल ओढलं आणि मला लेयर समजावले. लेयर म्हणजे फोटोवर एक काच ठेवायची आणि रंग त्या काचेवर द्यायचा. चुकलं तर काच उचलून फेकायची, खालचा फोटो शाबूत. सावलीची काच वेगळी, उजेडाची वेगळी. बोर्डावर असली चैन नव्हती. तिथं चुकलं की रॉकेलचा फडका आणि मालकाच्या शिव्या.

पहिल्या दिवशी सावलीला मी काळा घेतला. अक्षराच्या शेडला आम्ही काळाच देतो. गालाखाली दिला, हनुवटीखाली दिला, नाकाच्या बाजूनं ओढला. मुलगी मागं उभी होती.

"बाबा, काळा नका घेऊ. चेहरा मेल्यावानी दिसून राहिला."

"मेलीच तर हाय," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी जोरात वाजली. मग चहा घेऊन आली आणि काही झालंच नाही अशा आवाजात सांगायला लागली. सावळ्या रंगाच्या सावलीत काळा घातला की राख होते. तिथं तपकिरी घ्यायचा आणि त्यात थोडा जांभळा. उजेडालाही पांढरा नको, खडू फासल्यासारखं होतं. जुन्या पितळेचा पिवळा घ्यायचा. हे मला लगेच पटलं. माणसं नसतील कळत, रंग कळतो मला.

मग सावली द्यायची कशी ते. तिनं टॅबवर एक आंबा काढून त्यावर तीन तऱ्हा करून दाखवल्या. एक कडक काठाची, सुरीनं कापल्यासारखी. दुसरी धुरासारखी विरत जाणारी. तिसरी ब्रशचे फटकारे दिसू देणारी, एकावर एक. मी कडक काठाची घेतली. रस्त्याच्या पलीकडून दिसलं पाहिजे असं आमच्या उस्तादानं शिकवलेलं. चार दिवसांत बायको पोस्टरवरची डाकूबाई झाली. पुसली. धुरासारखी दिली तर आठवड्यानं ती कॅलेंडरवरची देवी झाली, जिला जन्मात घाम आला नाही अशी. तीही पुसली. तिसरी, फटकाऱ्यांची, जरा बरी वाटली. तिच्यात कातडीचा पोत येत होता. पण बायको काही येईना.

"बाबा, उजेड कुठून येऊन राहिला?" मुलीनं विचारलं.

"डावीकडून. वरून."

"काहून?"

काहून म्हणजे? उस्तादानं सांगितलेलं, उजेड डावीकडून आणि शेड उजवीकडं, खाली. नागपुरातला माझा एकूण एक बोर्ड तसाच आहे, मग दुकानाचं तोंड उत्तरेला असो की दक्षिणेला. बायकोलाही मी तीच शेड देऊन बसलो होतो, किराणा दुकानासारखी.

"तसं नाही ना बाबा. आई बसली कुठं हाय? खिडकीपाशी, का अंगणात? तुमच्या डोळ्यासमोर जशी येते तशी करा."

मी डोळे मिटले. ती सकाळी चुलीशी, पुढच्या वर्षांत गॅसशी, तर पाठ दिसते. जेवायला वाढताना आठवावी तर ताट दिसतं, वरणात पडलेली तुपाची धार दिसते, बांगड्या दिसतात. संध्याकाळी मी ओसरीत ब्रश धूत बसायचो आणि ती मागून बोलत राहायची. आवाज येतो, तोंड येत नाही. दुपारी ती कामावर डबा घेऊन यायची. मी शिडीवर आणि ती खाली. वरून तिचा भांग दिसायचा. दवाखान्यात शेवटी शेवटी मी रात्रंदिवस तिच्या उशाशी होतो, तर तिथंही सलाइनचे थेंब पाहत बसलो. थेंब पडतो की नाही, एवढंच.

तीस वर्षांमागं मोडलेल्या दुकानाच्या बोर्डावरचा 'र' कसा वळवला होता ते आज डोळे मिटून काढून दाखवीन. बायकोच्या गालावर उजेड कुठं लागायचा ते मला माहीत नाही. चाळीस वर्षं एका घरात राहिलो आणि मी तिच्याकडं पाहिलंच नाही.

जेवण सुटलं. पोळीचा तुकडा तोंडात घोळायचा आणि उतरायचा नाही. एक दिवस शेजारणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. "माझ्या बायकोले गालावर खळी पडे का वं?" ती बिचारी घाबरली. म्हणाली, "भाऊ, आत या, पाणी प्या." मी परत आलो. पेन घेतलं, एक फटकारा मारला, पुसला. पुन्हा मारला, पुसला. जितकं रंगवावं तितकी ती दूर जायची. आधी निदान आपल्याला आठवते असं वाटत तरी होतं.

आठ दिवस उरले तेव्हा साळी आली, बायकोची धाकटी बहीण. कुहीजवळ धानाची शेती आहे तिची. श्राद्धासाठी घरचे तांदूळ घेऊन आली होती. दुपारी दारात बसून सुपात निवडायला लागली. बाहेरून ऊन अंगणाच्या फरशीवर पडायचं आणि तिथून उडून तिच्या तोंडावर खालून यायचं. खालून! हनुवटी उजळलेली, गालाचं हाड पितळेसारखं चमकतंय आणि सावली वर, डोळ्यांच्या खोबणीत. सगळं माझ्या शिक्षणाच्या उलटं. रंग तोच, हाड तेच. मी पाहतच राहिलो.

"काय पाहून राहिले जी भाऊजी?"

"तांदळात खडे हायेत का ते."

"खडे तांदळात असते, माह्या तोंडात नाही. चष्मा लावा."

आत मुलगी हसली. मी टॅब घेऊन ओसरीत बसलो आणि सावलीची काच साफ केली. पुन्हा फटकारे दिले, या वेळी वरच्या बाजूला. मग उजेडाची काच. हनुवटीखाली पितळी रंग, गालावर एक ठिपका, ओठाच्या कोपऱ्यात बारीक रेघ. चहा व्हायच्या आत चेहरा उभा राहिला. मुलीला दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "छान झालं बाबा." त्या दिवशी मी चार पोळ्या खाल्ल्या.

श्राद्धाला फोटो लावला. लोक आले, हात जोडले. "अगदी तशीच," म्हणाले. साळी फोटोसमोर उभी राहिली आणि ढसाढसा रडली. "बाई अशीच बसे दारात," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला ती बाईच म्हणते.

ती रडत होती आणि मी दोन्ही तोंडं एका वेळी पाहिली, भिंतीवरचं आणि खालचं. गाल एकच होता. बायकोच्या फोटोवर मी तिच्या बहिणीचा गाल चढवला होता. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. डोळे मिटले तर आता तेच तोंड यायला लागलं, दारातलं, सुपावर वाकलेलं. आधी नुसतं रिकामं होतं. आता रिकामंही राहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर मुलीला सांगितलं.

"मले माहीत हाय बाबा," ती म्हणाली. "मावशीचा गाल मले तेव्हाच दिसला."

"मंग बोलली काहून नाही?"

"कितीतरी दिवसांनी तुम्ही पोटभर जेवले होते. काय बोलू?"

"तुले आठवते का तुही माय? उजेड कुठं पडे तिच्या तोंडावर?"

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "मले तिचा हात आठवते, बाबा. वेणी घालताना डोक्यावरचा."

मी तिला दोन्ही काचा उचलून बाजूला ठेवायला सांगितल्या. सावली गेली, उजेड गेला. खाली रामटेकचा फोटो तसाच होता, सपाट. तोच छापून आणला आणि भिंतीवर लावला. ओळखीचं कोणी आलं की म्हणतं, श्राद्धातला काहून काढला, हा तर काहीच नाही. मी म्हणतो, राहू द्या. रोज दुपारी त्याच्यासमोर बसतो. तिथं बायको आहे हे मला समजतं, दिसत मात्र नाही.

परवा साळीचा फोन आला. मुलीनं फोन कानाला लावून माझ्याकडं पाहिलं.

"मावशी म्हणते, तो श्राद्धातला फोटो पाठवा. तिच्या घरी लावाचा हाय. बाईच्या तोंडाचा तोच एक फोटो हाय म्हणते. काय सांगू?"

मी पाठव म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.