झेंडूच्या माळेला थांबलेला हात

डॉ. वासंती रणपिसे यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका चालत्या यंत्रासमोर हात आडवा धरून उभ्या होत्या. आमच्या मुरबाडकडच्या गावात फाट्यावर उभं राहून एसटीला हात करतात, अगदी तशा. यंत्र म्हणजे खांदा, कोपर, मनगट असलेला धातूचा एक हात. तो संथपणे फिरत आला, मॅडमच्या मनगटाला जेमतेम टेकला आणि थांबला. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मुलाखतीला आलात ना? या, तुम्हीही हात ठेवून बघा."

कल्याणच्या आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेतल्या तंत्रसहायकाची जागा होती, त्यासाठी मी आलो होतो. मी आधी यंत्राला नमस्कार केला, मग हात पुढे केला. तिथले विद्यार्थी फिदीफिदी हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नमस्कार झाला? छान. आता याचे स्क्रू बघून घ्या. मला दोन्ही करणारा माणूस हवा आहे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत काम करतो आहे. मॅडमच्या वयाची साठ वर्षं पूर्ण होत असताना या गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहायला मिळावेत, हे मी माझं भाग्य मानतो.

मॅडम कोपरीच्या चाळीत वाढल्या. त्यांचे वडील ठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या मशीनखाली गेली. मॅडम तेव्हा शाळेत होत्या. घरी सगळे त्या मशीनला शिव्या घालत असताना वडील म्हणाले होते, "मशीन वाईट नाही गं, त्याला दिसत नाही एवढंच." हे मॅडमनी मला एकदाच सांगितलं, तेही सोल्डरिंग करता करता, मान खाली घालून. त्यांचं पुढचं सगळं संशोधन मला त्या एका वाक्याचं उत्तर वाटतं.

मोठ्या कारखान्यांतले रोबो जाळीच्या पिंजऱ्यात काम करतात. माणूस आत गेला तर त्याचं काही खरं नसतं. मॅडमना पिंजरा नको होता. माणसाच्या शेजारी उभा राहील, त्याच्या हाताला हात लावून काम करील, धक्का लागला तर कळून थांबेल, असा यंत्रहात त्यांना हवा होता. आपला रस्ता आपण शोधणारी, माणसं दिसली की वाट देणारी गाडीही त्यांना हवी होती. पहिल्याला सहकारी रोबो म्हणतात आणि दुसरीला स्वायत्त. या दोन्हींवर मॅडमनी उभी हयात घालवली. प्रत्येक नव्या यंत्रासमोर पहिला हात स्वतःचा धरायचा हा त्यांचा नियम. विद्यार्थ्यांना त्या तो हक्क कधीच देत नाहीत. "माझा हात जुना आहे, गेला तर चालेल," असं म्हणतात.

आता डोंबिवलीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मॅडम पुरत्या कळणार नाहीत.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पंपाची ओतीव झाकणं बनवणारं एक छोटं युनिट आहे. तिथे शोभाताई झाकणाच्या कडा कानशीने साफ करून तपासणीचं काम करतात. जड झाकण उचलून टेबलावर घ्यायचं, घासायचं, फिरवून बघायचं, पेटीत ठेवायचं. वर्षानुवर्षं हे करून त्यांचा उजवा खांदा निकामी झाला. शेठ माणूस वाईट नव्हता, पण जिला उचलता येत नाही तिला या कामावर ठेवायचं कसं, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. शोभाताईंच्या घरी कमावणाऱ्या त्या एकट्या. मॅडमना हे कळलं आणि त्या शेठकडे गेल्या. ठरलं असं, की आमचा एक यंत्रहात शोभाताईंच्या टेबलाशी उभा करायचा. उचलणं त्याचं, पारखणं शोभाताईंचं. दसऱ्यानंतर कामाच्या पहिल्या दिवशी शेठ काम बघणार आणि हात ठेवायचा की परत पाठवायचा ते सांगणार. हात परत म्हणजे शोभाताईही घरी.

हात बसवला त्या दिवशी लेथवरचे किसनराव म्हणाले, "आज हा तुझ्या बाजूला उभा राहिला शोभा, उद्या तुझ्या जागेवर बसेल बघ."

"बसू दे की. त्याला कुठे खुर्ची लागते? आणि डबा पण मागत नाही तुमच्यासारखा," शोभाताईंनी ऐकवलं.

हळूहळू दोघांची गट्टी जमली. हात झाकण उचलून शोभाताईंच्या छातीच्या उंचीवर धरायचा. त्या कानस फिरवायच्या, निरखायच्या आणि गाईला थोपटावं तसं त्याच्या मनगटावर थोपटायच्या. की तो झाकण पेटीत ठेवायचा. शोभाताईंच्या दुखऱ्या खांद्याला हिसका बसू नये म्हणून मॅडमनी त्याची जाणीव फार हळवी ठेवली होती. जराशी ओढ लागली तरी त्याने थांबायचं.

खंडेनवमीला युनिटमधली सगळी यंत्रं धुतली, पुसली. हळदकुंकू, उदबत्ती, नारळ, आणि प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ. मॅडमच्या घरी बुद्धवंदना असते, यंत्रपूजेची पद्धत नाही. पण त्या आवर्जून आल्या, सगळ्यांबरोबर उभ्या राहिल्या आणि पेढा मागून घेतला. शोभाताईंनी यंत्रहाताला सगळ्यांत जाड माळ घातली, आंब्याची पानं ओवलेली.

दसऱ्याची सुट्टी संपली. शेठ आले. हात चालू केला. त्याने झाकण उचललं, तो अर्ध्या वाटेत थांबला आणि लाल दिवा लागला. पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबला. मी वायरी तपासल्या, जोडण्या घट्ट केल्या, मनात देवाचं नाव घेतलं. हात हलायचा आणि थांबायचा.

"मॅडम, दसऱ्याचं सोनं म्हणून आणलंत, पितळ निघालं हो," शेठ म्हणाले. "एवढा घाबरट कशाला ठेवलाय? जरा धीट करा, चालेल बरोबर."

"धीट करायला एक बटण पुरेल शेठ. पण मग हा शोभाताईंचा हात ओळखणार नाही. ते मी करणार नाही."

शोभाताई कानस हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या.

मॅडमनी संगणकावर मनगटाच्या सांध्यावरची ओढ दाखवणारी रेघ बघितली. ती रेघ हेलकावे खात होती, पाळण्यासारखी. मग त्यांनी मान वर करून हाताकडे पाहिलं आणि त्या मोठ्याने हसायला लागल्या. लेथवर माळ होती, ड्रिलवर माळ होती, पाण्याच्या कूलरवरही होती. सगळीकडे होती म्हणून एकालाही दिसली नाही. लेथ जागचा हलत नाही, त्याला माळेचं काय? पण हा हात फिरतो. तो फिरला की माळ झोके घ्यायची, मनगट ओढायची, आणि त्याला वाटायचं, कोणीतरी हात धरला.

"अहो, मग काढून टाका की ती माळ!" शेठ पुढे झाले.

मॅडमनी त्यांना अडवलं. घातलेली माळ सुकेपर्यंत काढायची नाही, ही तिथली रीत त्यांना ठाऊक होती. त्या शोभाताईंना म्हणाल्या, "माळ तुमची आहे. काय करू या, तुम्ही सांगा."

शोभाताई म्हणाल्या, "पायाशी घातली तर चालते की. देवाला नाही का आपण पायाशी फूल वाहत?" त्यांनी स्वतः माळ उतरवली आणि यंत्राच्या न हलणाऱ्या बैठकीला गुंडाळली.

हात चालू झाला. उचललं, धरलं, थोपटलं, ठेवलं. पुन्हा. पुन्हा.

तेव्हा मॅडम शेठना म्हणाल्या, "मी प्रयोगशाळेत इतक्या परीक्षा घेतल्या, पण ही सुचली नसती. जो फुलांच्या माळेला थांबतो, तो माणसाच्या बोटाला थांबणारच. हा घाबरट नाही शेठ, हा जपणारा आहे." आणि सवयीप्रमाणे आपला हात त्याच्या वाटेत धरला. यंत्रहात थांबला. मग शेठनी शर्टाची बाही वर केली आणि जरा बिचकत आपलाही हात धरला. तेव्हाही थांबला. शेठ लहान मुलासारखे हसले. "राहू दे मग," म्हणाले. शोभाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि किसनरावांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर समाधान मानून परतला असता. मॅडमना परतीच्या रिक्षातच नवं खूळ सुचलं होतं. "अहो, तो बरोबर थांबला, पण का थांबला ते त्याने सांगितलं नाही. म्हणून आपण सगळे वेड्यासारखे वायरी बघत बसलो!" त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढचं सगळं काम त्यातून निघालं. आज त्या हातावर छोटा पडदा आहे आणि त्यावर साध्या मराठीत येतं, "मनगटाला ओढ लागते आहे, बघा." शोभाताई म्हणतात, "आमच्या किसनरावांपेक्षा शहाणा. का अडून बसलाय ते सांगतो तरी."

वर्तकनगरजवळच्या एका रुग्णालयात आमची स्वायत्त गाडी चादरी आणि औषधं नेते. काठी घेऊन चालणारे आजोबा समोर आले की ती भिंतीला लागून उभी राहते आणि पडद्यावर येतं, "तुम्ही पुढे व्हा, मी थांबते." आजोबा तिला "जीती रह" म्हणतात, हे मी स्वतः ऐकलं आहे. त्या गाडीच्या चाचणीत मॅडम काठी टेकत, मुद्दाम लंगडत कितीतरी फेऱ्या मारायच्या, आणि ती थांबली की टाळी वाजवायच्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर, हे काम मोठ्या परिषदेत मांडायची वेळ आली तेव्हा मॅडमनी मला उभं केलं. माझं शिक्षण गावच्या शाळेतलं, इंग्रजी बोलताना मी अडखळतो. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "माळेची गोष्ट मराठीत सांगा. आकडे मी सांगते." मी सांगितली. सभागृहात हशा झाला. तेव्हा मी मॅडमकडे पाहिलं. आपलंच काम पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या त्या पुढे झुकून ऐकत होत्या.

डोंबिवलीच्या युनिटमध्ये दर खंडेनवमीला यंत्रहाताची माळ आता बैठकीलाच बांधतात. नव्या आलेल्या माणसाने ती वर घालायला घेतली की शोभाताई ओरडतात, "अरे, पायाशी! त्याला कळतं सगळं." त्यांचा खांदा अजून दुखतो, पण काम चालू आहे. परवाच त्यांनी निरोप पाठवला, "मॅडमना सांगा, साठीबिठी घरी ठेवून या. आम्ही वाट बघतो."

मॅडम नवस बोलत नाहीत, मी बोलतो. त्या येत्या खंडेनवमीला येतील, पेढा मागून घेतील आणि चालत्या यंत्रासमोर आपला हात आडवा धरतील. मी शेजारी उभा असेन, मनातल्या मनात माझ्या विठ्ठलाला सांगत, की हा हात असाच निरोगी आणि हट्टी राहू दे, पुढची कितीतरी वर्षं नव्या नव्या यंत्रांच्या वाटेत येत राहू दे, आणि त्यातलं प्रत्येक यंत्र त्याच्या स्पर्शाने थांबू दे.